कानातल्यासोबत कागदही द्यावा

हाताने बनवलेल्या दागिन्यांच्या छोट्या व्यवसायात एक पद्धत पक्की रुजली आहे. कानातल्यांचा जोड देखण्या कार्डावर लावायचा आणि त्यावर व्यवसायाचं नाव व 'हस्तनिर्मित' एवढंच छापायचं. हुक कोणत्या धातूचा, मुलामा किती जाड, मणी काचेचा की दगडाचा, आणि बनवणाऱ्याने नेमकं काय काय केलं, याबद्दल कार्डावर एक अक्षरही नसतं. माझं म्हणणं असं, की ही माहिती देणं बंधनकारक असावं, घरातल्या एका टेबलावर चालणाऱ्या व्यवसायालाही. आणि ही मागणी ग्राहकांच्या आधी कारागिरांनी करावी, कारण माहिती लपून राहण्याचा तोटा सर्वांत जास्त त्यांनाच होतो.

आधी कानाचं बोलू, कारण शारीरिक इजा तिथे होते.

निकेल स्वस्त असतं, कडक असतं आणि छान चकाकतं. पितळेवर सोन्याचा मुलामा देण्याआधी बहुतेक ठिकाणी निकेलचा एक थर चढवतात. त्यामुळे खालचं तांबं हळूहळू वरच्या सोन्यात झिरपत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. कारखान्याच्या दृष्टीने ही चांगली युक्ती आहे. पण वरचं सोनं झिजलं की निकेल उघडं पडतं, घामाने त्यातून आयन सुटतात आणि त्वचेत शिरतात. टोचलेल्या कानाच्या भोकात तर धातू आणि कातडीचा संबंध तासन्‌तास टिकतो, आणि नव्या भोकात कातडी जखमी असते. निकेलची अॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर साथ सोडत नाही. मग घड्याळाचा पट्टा, पँटचं बटण, चष्म्याची दांडी, कशानेही खाज सुटते. एका स्वस्त हुकाची ही किंमत फार मोठी आहे, आणि ती विकणाऱ्याला मोजावी लागत नाही.

यावर उपाय होतो, हे सिद्ध झालेलं आहे. डेन्मार्कने 1990 च्या सुमारास दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली, आणि नंतरच्या वर्षांत तिथे कान टोचलेल्या तरुण मुलींमध्ये निकेल-अॅलर्जीचं प्रमाण घटलेलं दिसलं. युरोपीय संघाने 1994 मध्ये असाच नियम केला. आज तिथे त्वचेला बराच काळ लागून राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटीमीटरमागे आठवड्याला 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागासाठी ही मर्यादा 0.2 मायक्रोग्रॅम आहे. मुलामा दिलेल्या वस्तूचा मुलामा निदान दोन वर्षांच्या नेहमीच्या वापरात निकेल अडवू शकला पाहिजे, अशीही अट आहे.

या नियमात धातूत किती निकेल आहे हे मोजत नाहीत, किती सुटतं हे मोजतात. हा फरक कारागिरांनी नीट समजून घ्यायला हवा. 316एल या स्टेनलेस स्टीलमध्ये दहा टक्क्यांहून जास्त निकेल असतं, तरी पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे ते फारच कमी सुटतं. 303 ग्रेडचं स्टील दिसायला तसंच. पण लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्यात गंधक मिसळलेलं असतं आणि त्यातून निकेल बरंच जास्त सुटतं. म्हणून कार्डावर 'सर्जिकल स्टील' लिहून भागत नाही, ग्रेडचा आकडा हवा. 'जर्मन सिल्व्हर'ची गोष्ट त्याहून वाईट आहे. त्यात चांदी नसतेच. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे. कानात घालायच्या दागिन्यासाठी तो वापरूच नये. अंगावर न टेकणाऱ्या भागाला चालेल, पण तेव्हाही नाव स्पष्ट लिहावं.

घरी करण्याजोगी एक चाचणी आहे. कापसाच्या बोळ्यावर डायमिथिलग्लायॉक्झाइमचे आणि अमोनियाचे दोन-दोन थेंब टाकून हुकावर अर्धा मिनिट घासायचं. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतं आहे. ही चाचणी बहुतेकांकडून एकाच ठिकाणी चुकते: नवा, मुलाम्याने झाकलेला हुक तपासला जातो. वरचं सोनं शाबूत असल्यामुळे बोळा पांढराच राहतो आणि हुक 'पास' होतो. प्रत्येक नव्या पाकिटातला एक हुक बळी द्यावा. त्याची एक बाजू कानशीने घासून आतला धातू उघडा करावा आणि दोन्ही बाजू तपासाव्यात. बोळा गुलाबी झाला तर ते पाकीट बाजूला ठेवावं. गुलाबी झाला नाही म्हणजे धातू सुरक्षित ठरला असं मात्र धरू नये, कारण कमी प्रमाणात सुटणारं निकेल ही चाचणी पकडतेच असं नाही. प्रयोगशाळेत कृत्रिम घामात वस्तू आठवडाभर बुडवून मोजतात. त्याची जागा घरचा बोळा घेऊ शकत नाही.

त्यामुळे कानाच्या भोकात जाणारा भाग शक्यतो टायटॅनियम, नायोबियम किंवा 925 चांदीचा असावा. 925 म्हणजे हजारात 925 भाग चांदी. उरलेलं बहुतेक वेळा तांबं असतं, म्हणून ती काळी पडते, पण सहसा खाज आणत नाही. नायोबियमला रंग द्यायचा तर विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर वाढवतात. वरून काही लेपलेलं नसतं, त्यामुळे कपचे उडत नाहीत. पांढऱ्या सोन्याबद्दल सावध राहावं, कारण त्याच्या काही मिश्रणांत निकेल घालतात. हुक स्वतः तारेतून वळवत असाल तर 20 गेज, म्हणजे साधारण 0.8 मिलिमीटर जाडीची तार बरी. 22 गेज नाजूक दिसते, पण पानाची लटकन लावली की वाकते. तारेचं कापलेलं टोक गोल केलंच पाहिजे. पक्कडीने कापलेल्या तारेला धार राहते, ती रोज भोक ओरखडते, आणि मग चांगल्या चांदीवरही अॅलर्जीचा आळ येतो.

शिसं आणि कॅडमियम यांचा प्रश्न ओतीव लटकनांत येतो. हे धातू मिश्रणाचा वितळणबिंदू उतरवतात आणि साच्यात बारीक नक्षी छान उतरते, म्हणून स्वस्त ओतकामात ते मिसळले जातात. युरोपीय संघाने दागिन्यांत कॅडमियमवर 2011 पासून वजनाच्या 0.01 टक्के आणि शिशावर 2013 पासून 0.05 टक्के अशी मर्यादा ठेवली आहे. कॅडमियम असलेली चांदीची झाळही (धातूचे भाग जोडायला वितळवतात तो मिश्रधातू) अजून कुठे कुठे मिळते. ती कमी तापमानाला वाहते म्हणून सोपी वाटते, पण तिचा धूर फुप्फुसांना घातक असतो. तिथे ग्राहकाच्या आधी कारागीरच बळी पडतो. झाळ घेताना 'कॅडमियमरहित' असं लेखी मागावं.

मुलाम्याबद्दल बाजारात जेवढी अस्पष्टता आहे तेवढी दुसऱ्या कशाबद्दल नाही. 'सोन्याचं पाणी दिलेलं' एवढ्यात सगळं बसतं. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या दागिन्यांविषयीच्या मार्गदर्शक नियमांत मात्र आकडे आहेत. विजेच्या प्रक्रियेने दिलेला साधा सोन्याचा मुलामा सुमारे 0.175 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असला तरी त्या नावाने विकता येतो. 'व्हर्मे' म्हणायचं तर खाली 925 चांदी आणि वर 2.5 मायक्रॉन सोनं हवं. म्हणजे दोन्हींच्या जाडीत चौदापट फरक आहे, आणि दुकानात ठेवलेले दोन्ही दागिने सारखेच पिवळे दिसतात. त्याहून पातळ, केवळ रंगापुरता दिलेला मुलामाही सर्रास विकला जातो. तो लोलकावर बरेच दिवस टिकतो, पण अंगठीच्या आतल्या बाजूला आणि बांगडीच्या कडेला काही आठवड्यांत पितळ दिसू लागतं. 'गोल्ड-फिल्ड' तारेत सोन्याचा पत्रा उष्णतेने आणि दाबाने पितळेवर बसवलेला असतो आणि तो एकूण वजनाच्या किमान विसाव्या भागाइतका असतो. ती तार वर्षानुवर्षं टिकते, पण कापलेल्या टोकाला पितळ उघडं राहतं. म्हणून टोक गुंडाळीच्या आत दडवावं आणि कानात जाणारं टोक तिचं असू नये. कारागिराने यातला कुठलाही पर्याय निवडावा. फक्त मुलामा देणाऱ्याकडून मायक्रॉनचा आकडा लिहून घ्यावा आणि तोच कार्डावर छापावा. आकडा द्यायला जो तयार होत नाही त्याच्याकडे काम देऊ नये.

खड्यांचं थोडक्यात. हाउलाइट आणि मॅग्नेसाइट निळे रंगवून फिरोजा म्हणून विकतात. अॅसिटोनचा बोळा निळा झाला तर रंग लावलेला आहे, अर्थात सगळेच रंग असे निघत नाहीत. 'ओपलाइट' आणि 'गोल्डस्टोन' या काचा आहेत. बाजारातला पुष्कळसा सिट्रिन, म्हणजे पिवळा खडा, हा भाजलेला अॅमेथिस्ट, म्हणजे जांभळा खडा असतो. यातलं काहीही वापरण्यात कमीपणा नाही. गोल्डस्टोन तर फार सुंदर काच आहे. ती काच आहे एवढं सांगितलं पाहिजे.

आता हाताच्या कामाकडे वळतो. अमेरिकेच्या त्याच नियमांनुसार दागिन्याला हाताने घडवलेला म्हणायचं तर पत्रा, तार, ओतकामाचे दाणे अशा कच्च्या मालापासून त्याला पूर्ण आकार देणं आणि शेवटचं सजावटीचं काम हे सगळं हाताने किंवा हाताने नियंत्रित केलेल्या पद्धतीने झालेलं असावं लागतं. ही कसोटी कडक आहे. ती जशीच्या तशी लावली तर तयार लटकन तयार हुकाला जोडणारा प्रत्येक विक्रेता बाहेर पडेल, आणि मोती ओवणाराही कदाचित. मला ही सीमारेषा आखण्यात फारसा रस नाही. मोत्यांच्या सरात प्रत्येक मोत्यानंतर गाठ घालणं, ती मोत्याला घट्ट भिडवणं, रेशमाचा ताण सगळीकडे सारखा ठेवणं हे कसबाचं काम आहे. पाकिटातली दोन कड्या उघडून बंद करणं हे त्या मानाने फारच थोडं काम आहे. दोन्हींना एकच बिरुद मिळतं हा अन्याय आहे, आणि तो दूर करायला वाद घालण्यापेक्षा कामाच्या पायऱ्या लिहिणं सोपं.

म्हणजे कार्ड असं असावं: 'लोलक: तांब्याचा पत्रा, करवतीने कापून, ठोकून, झाळून घडवलेला. हुक: नायोबियम, तयार आणलेला. मणी: काच, तयार आणलेले. मुलामा नाही, वरून लाखेचा हात.' किंवा: 'मूळ नमुना मेणात हाताने कोरलेला, ओतकाम बाहेरच्या कारखान्यात, घासणं, पॉलिश आणि खडा बसवणं आमच्याकडे.' किंवा अगदी प्रामाणिकपणे: 'सर्व भाग तयार, निवड आणि जोडणी आमची.' टायटॅनियम साध्या झाळकामाच्या टेबलावर झाळता येत नाही, म्हणून त्याचे हुक आणि कानात जाणाऱ्या दांड्या विकत आणणं हा उलट शहाणपणा आहे आणि तो लपवायची गरज नाही. कामाला किती मिनिटं लागली हे मात्र लिहायला लावू नये. सरावलेला हात तेच काम निम्म्या वेळात करतो, आणि मिनिटं छापली की त्याच्याच कौशल्याची किंमत कमी होते.

नियम नसला की काय होतं याचं उदाहरण मोठ्या बाजारपेठांत दिसतं. एट्सी हे संकेतस्थळ 2005 मध्ये हाताने बनवलेल्या वस्तूंसाठी सुरू झालं. 2013 मध्ये त्यांनी विक्रेत्यांना बाहेरच्या उत्पादकांकडून माल करून घ्यायला परवानगी दिली. वाढणाऱ्या व्यवसायांची ती खरी गरज होती, पण त्यानंतर कारखान्यातला माल आणि एकट्या कारागिराचा माल वेगळा ओळखणं खरेदीदाराला अवघड होत गेलं. 2024 मध्ये त्याच संकेतस्थळाला विक्रेत्याने वस्तू बनवली, आखली, निवडली की साहित्य म्हणून पुरवली, अशा खुणा लावायला सुरुवात करावी लागली. दिशा बरोबर आहे. पण चार ढोबळ खुणांनी हुकाचा धातू कळत नाही.

याला पहिला विरोध होतो तो कटकटीचा. चाळीस डिझाइन, प्रत्येकाचं वेगळं कार्ड, एकट्या माणसाने कधी करायचं? ही अडचण खरी आहे, पण नोंद डिझाइनवार करायला गेलं तरच ती मोठी होते. नोंद भागांची करायची. चाळीस डिझाइन बहुधा तीन-चार प्रकारचे हुक, पाच-सहा तारा आणि वीस-पंचवीस मण्यांतूनच बनलेली असतात. प्रत्येक भागाला एक खूण द्या, उदाहरणार्थ 'ह2' किंवा 'त5'. त्या खुणेपुढे पुरवठादार, खरेदीची तारीख, पाकिटाचा क्रमांक, सांगितलेला धातू आणि चाचणीचा निकाल लिहा. कार्ड त्या खुणांवरून जुळवलं जातं आणि नव्या डिझाइनला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. ही पद्धत मोडते ती डबीत. जुन्या पाकिटातले दहा-बारा हुक उरलेले असतात, नवीन शंभर येतात आणि त्याच डबीत ओतले जातात. त्या क्षणी सगळ्या नोंदी निरुपयोगी होतात, कारण तक्रार आली तर हुक कोणत्या पाकिटातला हे कोणीच सांगू शकत नाही. जुने संपेपर्यंत नवीन पाकीट फोडू नये.

दुसरा विरोध जास्त वजनदार आहे: पुरवठादारच सांगत नाही. घाऊक विक्रेता 'निकेल-फ्री' म्हणतो, कागद मागितला की एखाद्या जुन्या चाचणीचा अहवाल पाठवतो, आणि त्यावरचा नमुना दुसऱ्याच मालाचा असतो. अहवालावर नमुन्याचा फोटो, माल क्रमांक आणि तारीख पाहावी. तुमच्या पाकिटावरच्या क्रमांकाशी ते जुळत नसेल तर तो कागद बिनकामाचा आहे. म्हणूनच नियमाचं पहिलं ओझं सुटे भाग विकणाऱ्यावर टाकलं पाहिजे. धातू आणि मुलाम्याची जाडी छापल्याशिवाय हुक, दांड्या, साखळ्या विकता येऊ नयेत. शंभर हुकांच्या पाकिटावर एक ओळ छापायला त्याला जवळपास काहीच खर्च येत नाही, तर तीच चाचणी शंभर छोट्या कारागिरांनी वेगवेगळी करून घेणं परवडणारं नाही. कारागिराची जबाबदारी एवढीच, की ती ओळ खाली ग्राहकापर्यंत पोचवावी आणि स्वतःच्या कामाची भर घालावी.

पद्धत लिहिली तर लोक नक्कल करतील, ही भीती मला पटत नाही. नक्कल फोटोवरून होते आणि फोटो आधीच जगासमोर आहे. 'ठोकून घडवलेला' या दोन शब्दांनी कोणाला हातोडी धरता येत नाही.

ग्राहक कार्ड वाचत नाहीत, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण खाज सुटली की वाचतात, आणि त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं की दाखवायला काहीतरी असतं. मुलामा उडाला तर पुन्हा काय द्यायचं हे दुरुस्त करणाऱ्याला कळतं. तक्रार आली तर कारागिरालाही उत्तर देता येतं.

आणि किंमत. छोट्या व्यवसायात किंमत ठरवायची रूढ पद्धत म्हणजे सामानाच्या खर्चाची तिप्पट. ही पद्धत मुळातच चुकीची आहे. बारीक मण्यांनी सुईने विणलेल्या कानातल्यांना तीन तास लागतात आणि सामान नगण्य लागतं. तिपटीच्या हिशेबाने तीन तासांची घडणावळ जवळजवळ शून्य होते. उलट महाग खडा तयार पदकात चिकटवला की पाच मिनिटांच्या कामाला भरमसाट घडणावळ लागते. हिशेब सामान, वाया गेलेलं सामान, घडणावळ, फोटो-पॅकिंग-पत्रव्यवहाराचा वेळ आणि हत्यारांची झीज असा वेगवेगळा मांडायला हवा, आणि नफा त्यावर. बहुतेक कारागिरांना हे माहीत असतं, तरी ते घडणावळ लावत नाहीत, कारण शेजारच्या टेबलावर तसाच दिसणारा, जुळणी केलेला जोड निम्म्या किमतीला असतो आणि दोन्ही कार्डांवर एकच बिरुद असतं. एकावर 'सर्व भाग तयार' आणि दुसऱ्यावर 'प्रत्येक मणी सुईने विणलेला' असं लिहिलेलं असेल तर किमतीतला फरक समजावून सांगावा लागत नाही. माहिती न देण्याचा तोटा सर्वांत जास्त कारागिरालाच होतो असं मी सुरुवातीला म्हटलं, ते यामुळे.

अंमलबजावणी प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी आणि विक्रीच्या संकेतस्थळांनी सुरू करावी. कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. टेबल देताना किंवा वस्तू चढवताना धातू, मुलामा, खडा आणि काम या चार रकान्यांशिवाय अर्जच पुढे जाऊ नये. 'माहीत नाही' हा पर्याय ठेवावा आणि तो ग्राहकाला दिसावा. ज्याला ते लिहायला संकोच वाटेल तो पुढच्या वेळी पुरवठादाराला विचारेल.

राहिला जुना माल, ज्याच्या पाकिटांचे पत्ते आता लागत नाहीत. नवे नियम लावताना त्यासाठी एक हंगामभर मुदत द्यावी. लटकत्या कानातल्यांचे हुक पक्कडीने दोन मिनिटांत बदलता येतात, ते सरसकट बदलावेत. कडी उघडताना बाजूला पिळावी, ओढून फाकवली तर ती पुन्हा नीट मिटत नाही. चिकटवलेल्या दांड्या काढून नव्या बसवायच्या तर जुना गोंद पूर्ण खरवडावा, दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरने खरखरीत करावेत आणि दोन भागांचा इपॉक्सी पूर्ण दिवसभर सुकू द्यावा. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो आणि खड्याभोवती पांढुरकी वाफ धरतो. मुलामा माहीत नसलेल्या अंगठ्या 'मुलामा: माहीत नाही' असं लिहून विकून टाकाव्यात. धातू माहीत नसलेल्या ओतीव लटकनांचं मात्र काही करता येत नाही. लहान मुलं अशा लटकनी तोंडात घालतात, म्हणून त्या विकू नयेत आणि कोणाला भेटही देऊ नयेत.